पाहुणीचा चेहरा

दुसऱ्याच्या घरच्या लग्नात किती नटावं, हे ठरवणं स्वतःच्या लग्नात नटण्यापेक्षा अवघड असतं. स्वतःच्या लग्नात प्रश्नच नसतो. असेल ते सगळं अंगावर चढतं आणि कोणी नावं ठेवत नाही. लांबच्या ओळखीतलं लग्न असेल तर कपाटात हाताला लागेल ते चांगलंसं घालून जाऊन यायचं, विषय संपला. पण जिवलग मैत्रिणीच्या सख्ख्या भावाचं लग्न हे मधलंच प्रकरण. आपण घरच्या नाही आणि परक्याही नाही. कमी नटलो तर "हिला काही वाटतच नाही का आमच्या कार्याचं", आणि जास्त नटलो तर "लग्न नेमकं कोणाचं आहे?" या दोन वाक्यांच्या मधे जी चिंचोळी जागा उरते, तिच्यात नीट उभं राहता यावं म्हणून मी लग्नाआधीचे कित्येक आठवडे चेहऱ्यावर दगड फिरवत होते.

दगड म्हणजे गुआ शा. तळहातात मावणारा, कडा घासून गुळगुळीत केलेला. मूळ चिनी उपचार बराच दांडगा आहे: पाठीला, मानेला तेल लावून बोथट कडेने जोरात घासायचं, कातडीवर लालजांभळे ठिपके उमटेपर्यंत. चेहऱ्यासाठी जो प्रकार घरोघरी पोचला तो त्याचा अगदी सौम्य भाऊ. माझा दगड गुलाबी आहे. त्या गुलाबी रंगाला, त्यातल्या कथित ऊर्जेला मी काडीचीही किंमत देत नाही. तो थंड असतो आणि खरखरीत नसतो, एवढंच त्याच्याकडून हवं असतं. फ्रिजमधल्या स्टीलच्या चमच्याने यातलं बरंचसं काम होतं, पण चमचा हातात घेऊन आपण काही विशेष करतोय असं वाटत नाही.

हे 'वाटणं' महत्त्वाचं. क्रीम लावलं की काय होतं ते महिनाभर कळत नाही. उपकरणाचं तसं नसतं. ते थरथरतं, गरम होतं, लाल दिवा लावतं, किमान हाताला वजन तरी लागतं. काम चालू आहे याची पोचपावती तिथल्या तिथे मिळते. म्हणून माझ्यासारखी माणसं सीरमची बाटली अर्धी टाकून देतात आणि यंत्रं मात्र गोळा करत राहतात.

पोचपावती अगदीच खोटी नसते. २००७ साली गुआ शावर एक छोटा अभ्यास झाला होता, शरीरावरच्या मूळ प्रकाराचा. घासलेल्या जागी कातडीतला रक्तप्रवाह सुरुवातीची साडेसात मिनिटं चौपट वाढलेला दिसला. जपानमध्ये २०१८ साली चेहऱ्यावर फिरवायच्या रोलरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गालावर पाच मिनिटं रोलर फिरवल्यावर तिथला रक्तप्रवाह दहा मिनिटांहून अधिक काळ वाढलेला राहिला. म्हणजे लाली येते, ती खरी असते आणि ती थोड्याच वेळात जाते. कुठलंही लग्न तेवढ्यात उरकत नाही, ही खरी अडचण.

सकाळच्या सुजेचं गणित मात्र मला पटतं. रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसिकेला, म्हणजे पेशींभोवती साचलेलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या द्रवाला, तसा मधोमध बसलेला पंप नाही. तिच्या नळ्या आकुंचन पावतात, आजूबाजूचे स्नायू हलतात, श्वास चालतो, आतल्या झडपा तिला मागे फिरू देत नाहीत, आणि एवढ्या जोरावर ती पुढे सरकते. रात्रभर आडवं पडल्यावर डोळ्यांखाली पाणी साचतं आणि उठून वावरायला लागलो की हळूहळू उतरतं. दगड त्याला थोडी घाई करायला लावतो. फिरवायचा तो मधून बाहेरच्या बाजूला, कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींकडे, मग मानेवरून खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत. खाली तेल किंवा क्रीम हवंच, नाहीतर कातडी ओढली जाते. आणि हात हलका. पुष्कळजणी जोर लावतात. या बारीक नळ्या कातडीच्या अगदी लगत असतात, त्यांना चिरडून काय मिळणार? दगडाने चेहरा 'वर उचलला' जातो असं सांगणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. गालाखालची चरबी आणि हाडं आपापल्या वयाने चालतात.

मला दगडाने दिलेली खरी गोष्ट वेगळीच होती. जबड्याच्या कोपऱ्याशी चावण्याचा एक जाड स्नायू असतो. तिथे दगड टेकवल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी दिवसभर दात आवळून असते. फोनवर, संगणकासमोर, रांगेत. सौंदर्याशी याचा संबंध असो नसो, त्या ठिकाणी दगड ठेवून तोंड किंचित उघडलं की डोक्यातलं काहीतरी सैल होतं. एवढ्यासाठीही मी तो वापरला असता.

एलईडी मास्क मात्र मी भक्तिभावाने नाही, संशयाने घेतला. पांढरा, कडक, डोळ्यांपाशी भोकं असलेला. लावून आरशात पाहिलं तर घरात कोणीतरी भलतंच शिरल्यासारखं वाटतं. पण या वेडपट दिसणाऱ्या वस्तूमागे बरा इतिहास आहे. निल्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला १९०३ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं ते प्रकाशाने त्वचेचा क्षयरोग बरा करण्याच्या कामासाठी. पुढे १९९०च्या दशकात नासाने अंतराळात रोपं वाढवण्यासाठी तयार करवलेल्या एलईडी दिव्यांवरून जखमा भरण्याच्या प्रयोगांना चालना मिळाली. आज घरगुती मास्कमध्ये बहुधा ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ४१५च्या आसपासचा निळा प्रकाश असतो. निळा मुरुमांच्या जंतूंवर काम करतो. जंतू स्वतःच एक रंगद्रव्य तयार करतात, ते हा प्रकाश शोषतं आणि त्यातच त्यांचा घात होतो. लाल प्रकाश दाह कमी करायला आणि कोलॅजनला, म्हणजे त्वचेला घट्ट धरणाऱ्या प्रथिनाला, थोडा हात द्यायला. थोडा. घरगुती यंत्रांची ताकद दवाखान्यातल्या यंत्रांपेक्षा कमी ठेवलेली असते आणि फरक दिसायला आठवडे नेमाने बसावं लागतं. डोळे झाकायचे आणि प्रकाश सोसवत नाही अशी काही औषधं चालू असतील तर नादाला लागायचं नाही, एवढं पथ्य.

नेमाने बसणं, हेच मला जमलं आणि आवडलंही. मास्क लावून फोन धड वाचता येत नाही, बोललं तर आवाज घुमतो, त्यामुळे कोणी बोलायला येत नाही. त्या लाल उजेडात मी नुसती पडून असायचे.

सुयांच्या रोलरला मात्र मी हात लावला नाही. एका ओळखीच्या बाईंनी प्रेमाने स्वतःचा देऊ केला होता, आणि हेच त्याचं सर्वांत वाईट रूप: दुसऱ्याच्या कातडीत गेलेल्या सुया आपल्या कातडीत. या पद्धतीने व्रण भरून येतात हे खोटं नाही, पण ते तज्ज्ञाच्या हाती, निर्जंतुक सुयांनी आणि मोजून ठरवलेल्या खोलीवर. घरी वापरलेल्या सुया बोथट होतात, वाकतात, टोचण्याऐवजी ओरबाडतात. मुरूम असतील तर त्यांतले जंतू शेतभर पेरल्यासारखे चेहराभर पसरतात. आणि ज्यांच्या त्वचेत रंगद्रव्य जास्त आहे त्यांना तर दुप्पट धोका. दाह दोन दिवसांत जातो, त्याने मागे ठेवलेला काळसर डाग महिनोन्महिने हलत नाही.

या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त नुकसान करणारं एक उपकरण बहुतेकींच्या घरी आधीपासून असतं आणि त्याला कोणी उपकरण म्हणतही नाही. दहापट मोठं दाखवणारा गोल आरसा. काचेवर चांदीचा पातळ थर बसवायची रासायनिक रीत युस्टस फॉन लीबिगने १८३५ साली शोधली, तोवर चांगला आरसा ही चैन होती. माणसाच्या इतिहासातला बहुतेक काळ लोकांनी स्वतःचा चेहरा पाण्यात नाहीतर घासलेल्या धातूत, धूसर असाच पाहिला आणि तरीही लग्नं झाली. आता आपण आपलं नाक अशा अंतरावरून पाहतो, जिथून ते दुसरा कोणीही कधीच पाहणार नाही. लहान बाळ सोडून. नाकावरची छिद्रं या आरशात विहिरींएवढी दिसतात आणि मग ती 'बंद' करायची मोहीम निघते. छिद्रांना स्नायू नसतात. ती दारासारखी उघडत नाहीत की मिटत नाहीत. वाफेने त्यातला मळ मऊ होतो, बर्फाने कातडी तात्पुरती आक्रसते, बस्स. या आरशासमोर बसून नखाने केलेले उद्योग पुसण्यासाठी जगातला निम्मा कन्सीलर खपत असावा, असा माझा अंदाज आहे. आकडा मागू नये. भुवया कोरण्यापुरता तो काढावा आणि उलटा करून ठेवावा.

यंत्रांच्या दुनियेत घाईला जागा नाही, हे मला जितकं उशिरा कळतं तितकं सगळ्यांनाच कळत असावं, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी दुनिया फेशियलला बसलेली असते. कातडीच्या वरच्या थराची नवी पेशी तळाशी जन्मते आणि वर सरकत सरकत गळून पडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे घेते. वय वाढेल तशी आणखी सावकाश. लग्नाच्या दिवशी लोक जो चेहरा पाहणार असतात, तो महिनाभरापूर्वीच तळातून निघालेला असतो. आदल्या दिवशी त्याच्यावर काय चोपडलं याची त्याला फारशी खबर नसते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. उलट अपायाला मात्र एक दिवस पुरतो.

त्यातही अॅलर्जीची चाल मोठी लबाड. नवीन वस्तू पहिल्यांदा लावली की बहुधा काहीच होत नाही. शरीर तोवर तिची ओळख पटवून घेत असतं, आणि त्याला दहा-चौदा दिवस लागू शकतात. मग पुढच्या वेळी तीच वस्तू लावली की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, फोड. "मी तर हे आधी लावून पाहिलं होतं" ही तक्रार म्हणूनच इतकी ऐकू येते. एकदा लावून पाहणं म्हणजे चाचणी नव्हे. कोपराच्या आतल्या बाजूला रोज, आठवडा-दहा दिवस लावून पाहायचं आणि मगच चेहऱ्याकडे न्यायचं. लग्न जवळ आलं की मी नव्या वस्तूंना दार बंद केलं. मैत्रिणीने घाईघाईत पाठवलेल्या कुठल्याशा सोनेरी पॅकसकट.

"तू ना, नवरदेवापेक्षा जास्त तयारी करतेयस," ती फोनवर म्हणाली. तिच्या मागे कोणीतरी मोठ्याने याद्या वाचत होतं.

"तू काय करतेयस?"

"मी? मी केस धुतले तरी पुष्कळ."

कपड्यांच्या बाबतीत मी ठरवलं होतं की रंग गडद आणि काम कमी. रेशीम निवडलं, गर्द हिरवं. ते दुकानात नाही, दारात नेऊन उन्हात पाहिलं. दोन रंग एका उजेडात अगदी जुळतात आणि दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखत नाहीत. हॉलचे पिवळे दिवे आणि दिवसाचं ऊन यांत तर सावत्र नातं असतं. फाउंडेशनचंही तेच. मनगटावर लावून पाहण्यात अर्थ नाही, मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या रेषेवर लावायचं आणि खिडकीशी जायचं. फ्लॅशची एक निराळीच गंमत आहे. झिंक ऑक्साइडचं किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन आणि वर सिलिकाची पांढरी पावडर असेल तर समोरासमोर चेहरा छान दिसतो आणि फोटोत पिठात बुडवून काढल्यासारखा पांढराफटक येतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत स्वतःचा फ्लॅश मारून फोटो काढून पाहायचा. तो फोटो वाईटच येतो, पण तो कोणत्या कारणाने वाईट आला हे तरी समजतं. चपला संध्याकाळी घ्यायच्या, पावलं दिवसभरात थोडी सुजतात आणि लग्नात उभं राहायचं असतं ते दिवसाच्या शेवटीच.

दागिन्यांत मी फार पडत नाही; नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही. शिवाय नकली दागिन्यांतलं निकेल. धातूंच्या अॅलर्जीत हे पहिल्या नंबरचं. घामाने ते दागिन्यातून सुटतं आणि कातडीत उतरतं, म्हणून गर्दीच्या, उकाड्याच्या दिवशीच कान पेटतात. युरोपात १९९४ सालीच यावर मर्यादा घालणारा नियम झाला. कानाला लागणाऱ्या भागावर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले की काही तास निभावतात. ती छोटी बाटली मी पर्समध्ये टाकली. पर्समध्ये आणखीही पुष्कळ काही टाकलं: ब्लॉटिंग पेपर, सेफ्टी पिना, टाचेला लावायच्या पट्ट्या, सुईदोरा. एका संध्याकाळसाठी एवढं सामान कशाला, हे मलाही सांगता आलं नसतं.

तयार होऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा बरी दिसत होते. बरी म्हणजे मला बरी. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी एक सुरेख प्रयोग केला होता. बायकांना त्यांचे स्वतःचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा. बहुतेकींना स्वतःचा उलटा फोटो आवडला, कारण आरशात रोज तोच दिसतो. त्यांच्या जवळच्या मैत्रिणींना मात्र सरळ आवडला, कारण त्या रोज तो पाहतात. म्हणजे मी ज्या चेहऱ्यावर एवढे आठवडे मेहनत घेतली, त्याला माझ्याशिवाय कोणी पाहिलेलंच नाही. माझ्या मैत्रिणीच्या नजरेतला माझा चेहरा वेगळाच आहे, भांग दुसऱ्या बाजूला असलेला, आणि त्याला दगड कधी लागला नाही.

आणि पाहणारे तरी किती पाहतात? गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी नजरेत भरलं असेल, असं त्या बिचाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये तर जो तो स्वतःचा टी-शर्ट सांभाळत असतो. माझ्या हिरव्या रेशमाबद्दल दिवसभरात एकच अभिप्राय आला, तोही मैत्रिणीच्या आईकडून. "छान दिसतेस गं. जरा ही पिशवी धर," काकू म्हणाल्या आणि अहेराच्या पाकिटांची पिशवी माझ्या हातात देऊन दिसेनाशा झाल्या. मला त्यात कमीपणा वाटला नाही. पाकिटांची पिशवी परक्याच्या हातात देत नाहीत.

मैत्रीण तासाभराने सापडली. केस एका बाजूने सुटलेले, एक कान लालबुंद, कपाळावर घाम आणि त्या घामावर कोणीतरी दयाळूपणे थापलेली पावडर. तिच्या घरचं लग्न होतं, त्यामुळे आरशात पाहायला तिला सकाळपासून सवड नव्हती. फोटोग्राफर "फक्त घरचे, फक्त घरचे" म्हणून ओरडत होता. मी तिला प्रसाधनगृहात ओढलं.

आधी ब्लॉटिंग पेपर. घामावर पावडर मारली की तिचे पापुद्रे होतात, घाम टिपायचा, पुसायचा नाही. झुमके काढून कान गार पाण्याने धुतला. लाल झालेल्या कानात पुन्हा तोच झुमका घालू दिला नाही, माझ्या कानातले छोटे सोन्याचे टॉप्स तिला दिले आणि तिचे झुमके, नेलपॉलिशचे हात देऊन, वाळवून, मी घातले. पिना लागल्या. टाचेची पट्टी लागली. ती एकीकडे खुर्च्यांचा हिशोब सांगत होती आणि मी तिची हनुवटी धरून लिपस्टिक लावत होते.

"गप्प बस जरा. तोंड हलतंय."

"अगं पण पन्नास खुर्च्या कमी आल्यात."

"हनुवटी वर."

त्या पर्समधलं एकही सामान मी स्वतःसाठी उघडलं नाही. घरच्यांचा फोटो झाला, त्यात ती नीट दिसते, कान केसांखाली गेलाय. नंतर तिने मलाही ओढलं तेव्हा फोटोग्राफरने वैतागून विचारलं, "या कोण?" "या घरच्याच," ती म्हणाली आणि त्याने आणखी एक क्लिक केलं. त्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. झुमके मात्र फार छान दिसतात.

रात्री मी तिच्याकडेच राहिले. मेकअप उतरवायला पाणी पुरत नाही, न ओघळणारा मस्कारा तेलानेच सुटतो. कापसावर तेल घेऊन पापणीवर नुसतं धरून ठेवायचं, चोळायचं नाही. तिचे डोळे झाकलेलेच होते, तसाच वर एलईडी मास्क चढवला. कुठली औषधं चालू आहेत का, ते आधी विचारून घेतलं.

"दहा मिनिटं मला कोणी काही विचारणार नाही ना?" आतून घुमत आवाज आला.

तेवढ्यात दार वाजलं. हॉलच्या चाव्या कोणाकडे आहेत, हे विचारायला तिची मावशी आली होती. मैत्रीण सवयीने उठली आणि तशीच, लाल पेटलेल्या चेहऱ्याने दार उघडती झाली. मावशींनी मारलेली किंकाळी ऐकून जिन्यावरून निम्मं लग्नघर वर आलं.

"हे काय भलतंच!" छातीवर हात ठेवून मावशी म्हणाल्या. मग जवळ येऊन मास्कच्या भोकातून आत डोकावल्या. "याने काय होतं?"

मी लाल आणि निळ्या प्रकाशाबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यांनी पूर्ण ऐकलं नाही. पलंगावर बसून त्यांनी चष्मा काढला, घडी करून उशीशी ठेवला आणि म्हणाल्या, "हिचं झालं की मला लाव." त्यांच्या मागे आणखी दोघी पलंगाच्या कडेला टेकल्या. मी मास्क पुसायला कापूस भिजवत होते आणि खालून कोणीतरी अजूनही चाव्यांबद्दल ओरडून विचारत होतं.